व्होल्ट्याचे चार सेल

व्होल्ट्याला मी एकोणीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली निदान पंधरा वर्षं मी त्याच्यावर चिडलेला आहे. आमच्या दोन दुकानांच्या मध्ये भिंत एकच, तीसुद्धा प्लायवुडची. त्यानं पलीकडे सोल्डरिंग सुरू केलं की इकडे माझं झेरॉक्सचं गिऱ्हाईक खोकायला लागतं. तो रेडिओ लावतो, त्याचं स्टेशन कधी धड लागत नाही, आणि ती खरखर ऐकत मी लोकांचे पासपोर्ट फोटो कापत बसतो. दिवसातून दहा वेळा मी भिंतीवर बुक्की मारून ओरडतो, "अरे, स्टेशन लाव नाहीतर बंद कर!" पलीकडून उत्तर येतं, "ऐकतंय कोण? चालू आहे का तेवढं बघतोय."

त्याचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर येतं. बाकी सगळ्यांना तो व्होल्ट्या. त्याचा धंदा मेलेल्या बॅटऱ्यांचा. लॅपटॉपची जुनी बॅटरी फोडली की आत अंगठ्याएवढे जाड गोल सेल निघतात, सहा किंवा आठ. त्यातला एखादाच खलास झालेला असतो आणि त्याच्यापायी बाकीचे सगळे कचऱ्यात जातात. व्होल्ट्या त्यातले चांगले सेल वेचतो आणि त्यांच्या पॉवर बँका बनवतो. वेचायची त्याची रीत ठरलेली. प्रत्येक सेल एकेकटा चार्जिंगला लावायचा आणि पाऊण तासानं काढून गालाला लावायचा, आई तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावते तसा. गरम लागला की बाद. गार लागला तर दहा दिवस डब्यात पडू द्यायचा आणि मग मीटर लावून बघायचं, चार्ज टिकलाय का. टिकला तर वेष्टनावर पांढरा ठिपका, नाहीतर लाल.

बाकावर थांबलेल्या बायका त्याला सेल गालाला लावताना बघून पदराआड हसायच्या. मी एकदा म्हणालो, "व्होल्ट्या, एखाद्या दिवशी थोबाड उडेल तुझं."

"उडालं तर माझं उडेल. गिऱ्हाइकाचं नाही ना उडणार," तो म्हणाला, आणि पुढचा सेल गालाला लावला.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून कुणी त्याला बेफिकीर म्हणायला नको. त्याच्याइतका काटेकोर माणूस आमच्या अख्ख्या गल्लीत नाही. खोटेपणा त्याच्या हातून एकच झाला, आणि त्यात अर्धा वाटा माझा होता.

दोन वर्षांपूर्वी त्याचं एक गिऱ्हाईक तावातावानं परत आलं. विमानतळावर तपासणीत त्याची पॉवर बँक काढून घेतली होती. वर काही छापलेलं नाही, किती क्षमतेची ते कळत नाही, म्हणून त्याच्या डोळ्यांदेखत डब्यात टाकली. त्या माणसानं व्होल्ट्याला इतकं झापलं की रेडिओची खरखरसुद्धा ऐकू आली नाही. संध्याकाळी व्होल्ट्या माझ्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसला आणि आम्ही विमान कंपनीचे नियम वाचले. पॉवर बँक सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. शंभर वॅट-अवरच्या आतली असावी. क्षमता वर स्पष्ट वाचता आली पाहिजे. डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही, जवळ ठेवायची, म्हणजे तापली तर लगेच कळतं. विमानात तिच्यावर काही चार्ज करायचं नाही.

"छापलेलं पाहिजे ना?" व्होल्ट्या म्हणाला. "मग छाप."

मी छापलं. आढेवेढेसुद्धा घेतले नाहीत. खरं सांगायचं तर मला मजाच आली. दोन इंग्रजी अक्षरं घेऊन कंपनीचं नाव तयार केलं, शेजारी विजेची खूण काढली, खाली दहा हजार एमएएच, त्याच्या खाली सदतीस वॅट-अवर, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात काय वाटेल ते सर्टिफिकेट. एका कागदावर चोवीस स्टिकर बसायचे. आकडे खरे होते, कंपनी खोटी होती. त्यानंतर एकही पॉवर बँक तपासणीत अडकली नाही. आम्ही दोघं स्वतःवर खूश होतो.

आता वहिनींबद्दल. व्होल्ट्याची बायको, मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला भावजी. त्या एका दवाखान्यात कामाला आहेत, ड्रेसिंग करतात, इंजेक्शनं देतात, रडणाऱ्या पोरांना दम देतात. औषधाच्या बाटलीवरचं सगळं वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही असा त्यांचा शिरस्ता. त्यांची एकुलती एक लेक परदेशात. तिचे दिवस भरत आले होते, रक्तदाब वाढला होता, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं होतं. जावई नोकरीवर. म्हणून वहिनी निघाल्या. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, मध्ये एका अनोळखी विमानतळावर उतरून दुसरं विमान गाठायचं, आणि तिथली भाषा ओ की ठो कळत नाही. लेकीनं सगळं फोनमध्ये घालून दिलं होतं. पुढच्या विमानाचा पास फोनमध्ये, भाषा बदलून बोलणारं अॅप फोनमध्ये, कुठल्या गेटवर जायचं त्याचा नकाशा फोनमध्ये. आणि फोन असा की दोन तासांत मान टाकायचा.

"बाजारातली एक चांगली पॉवर बँक विकत घेऊन दे की," मी म्हणालो.

व्होल्ट्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला शिवी हासडली. "माझ्या बायकोला मी बाजारातली देऊ? आत काय भरलंय ते मला माहीत नाही आणि मी ती तिच्या हातात देऊ?"

त्यानं वर्षभरातले सगळ्यात चांगले चार सेल वेगळे काढले. पांढरे ठिपके, तीन-तीनदा तपासलेले. गिऱ्हाइकासाठी तो सेलची वेष्टनं कधी बदलत नाही, जुनी असतील तशी राहू देतो. पण ही वहिनींसाठी होती. म्हणून त्यानं त्या चारही सेलांची मळकी वेष्टनं सोलून काढली आणि नवीन निळी चढवायला घेतली. त्याच टेबलावर चार बाद सेल पडले होते. गालाला चटका बसावा इतके तापणारे. भंगारवाला वेष्टन काढलेला माल घेतो, म्हणून तेही सोललेले. आठ नागडे सेल, सगळे एकसारखे करडे. तेवढ्यात लेकीचा फोन आला आणि व्होल्ट्या बोलत बोलत बाहेर फुटपाथवर गेला. परत येऊन त्यानं चार उचलले.

हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा त्यानं फक्त निळी वेष्टनं चढवली, डबी बंद केली, माझ्याकडून स्टिकर नेऊन चिकटवला आणि रात्रभर चार्जिंगला लावली. डबीचं प्लास्टिक जाड. त्यातून गालाला काही कळत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी माझ्या दुकानात तिकीट छापून घ्यायला आल्या. नियमांचा कागदही मागून घेतला आणि उभ्या उभ्या पेननं खुणा करत वाचला. "अहो," त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली, "यात लिहिलंय, विमानात वापरायची नाही."

"ते खराब सेलांसाठी लिहिलंय," व्होल्ट्या पलीकडून म्हणाला. "तू जेवण झालं की गुपचूप फोन लावून ठेव. उतरताना फुल्ल पाहिजे."

वहिनींनी स्टिकरवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे बघितलं. "भावजी, ही कंपनी कुठली हो?"

"आमची," मी म्हणालो आणि हसलो. त्या हसल्या नाहीत. पण पॉवर बँक पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी व्होल्ट्या त्यांना पोचवून अकराच्या आत दुकानात आला. अकरा वीसला विमान सुटणार होतं. त्या वेळेला तो बाहेर येऊन आभाळाकडे बघत उभा राहिला. विमानतळ इथून बसनं तासाभरावर, दिसणार काय? मी चिडवलं, "हात हलवतोय का रे, खिडकीतून दिसेल त्यांना." तो खुळ्यासारखा हसला.

दीडच्या सुमाराला भंगारवाला आला. हातगाडी दारात लावून तो माझ्याकडे पाणी प्यायला आणि पलीकडे व्होल्ट्या त्याला द्यायचा माल काढू लागला. कचऱ्यात टाकायचा असला तरी प्रत्येक सेलला शेवटचं मीटर लावायचं, ही त्याची आणखी एक खोड. मला मीटरची टिक ऐकू आली. मग पुन्हा एकदा. मग रेडिओ बंद झाला.

एकोणीस वर्षांत त्यानं आपणहून रेडिओ बंद केलेला मी ऐकला नव्हता. म्हणून मी उठून गेलो. तो स्टुलावर बसला होता, पुढ्यात चार सेल, हातात मीटरच्या तारा.

"काय झालं?"

"चार पॉइंट एक आठ व्होल्ट," तो म्हणाला. "चारही फुल्ल."

"मग?"

"हे भंगारातले आहेत. यांच्यात चार्ज टिकायला नको."

मला काही उमगेना. त्यानं एक सेल उचलून गालाला लावला. मग दुसरा. चारही लावून पाहिले. "हे तिचे सेल आहेत," तो म्हणाला. "तिच्याकडे ते गेलेत."

भंगारवाला दारातून म्हणाला, "देताय ना माल?" व्होल्ट्यानं त्याच्याकडे बघितलं, पण त्याला ऐकू गेलं नसावं. मी त्याला उद्या ये म्हणून घालवला.

"होईल काय फार फार तर?" मी विचारलं.

"नुसती पडून राहिली तर कदाचित काही नाही. फोन लावला की तापणार. तापून तापून आतला एक फुटला की शेजारचा पेटतो, मग त्याच्या शेजारचा." तो बोलताना बोटांनी टेबलावर एकेक जागा दाखवत होता. "आणि मी तिला सांगितलंय, जेवण झालं की लाव."

त्यानं फोन काढून वहिनींना लिहिलं, लावू नको. पुन्हा लिहिलं, हात लावू नको त्याला. दोन्ही निरोपांपुढे एकच टिक आली आणि तशीच राहिली. वहिनी ढगांच्या वर होत्या. आम्ही दोघं त्या एका टिकेकडे डोळे लावून बसलो.

"विमान कंपनीला फोन करतो," व्होल्ट्या म्हणाला.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते, पण लपवून तरी काय करू? त्यानं फोन करतो म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे वहिनी आल्या नाहीत. माझा कॉम्प्युटर आला. त्यातली स्टिकरची फाईल आली. पोलीस, दुकानाला सील, वर्तमानपत्रात फोटो, माझी म्हातारी आई दारात उभी, हे सगळं आलं. विमानात तीनशे माणसं आहेत, त्यांच्या मांडीवर पोरं आहेत, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. मी म्हणालो, "थांब जरा. उगाच घाई करू नको. विमान वळवलं तर? वहिनींना खाली उतरवून आत टाकलं तर? लेकीला कळलं तर तिचा रक्तदाब कुठे जाईल? आणि वहिनी नियमाच्या पक्क्या. वापरायची नाही म्हटल्यावर त्या वापरणार नाहीत."

"ती माझं ऐकते," व्होल्ट्या म्हणाला.

त्यानं नंबर लावला. मशीननं आधी भाषा विचारली, मग सांगितलं, तुमचा सहा अक्षरी बुकिंग क्रमांक दाबा. क्रमांक तिकिटावर होता आणि तिकिटाच्या दोन्ही प्रती वहिनींच्या पर्समध्ये होत्या. लेकीला विचारायची सोय नव्हती. व्होल्ट्यानं माझ्याकडे बघितलं. "तुझ्याकडे फाईल असेल ना? काल तूच छापलंस."

भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा कमी होते.

"उडवली," मी म्हणालो. "मी कुणाची तिकिटं ठेवत नाही."

त्यानं पुन्हा नंबर लावला, पुन्हा मशीन. क्रमांक नसेल तर प्रतीक्षा करा. मग ते संगीत. तेच ते संगीत, अधूनमधून एक बाई सांगायची की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दहा मिनिटांनी कॉल कटला. त्यानं परत लावला. मी माझ्या खुर्चीत येऊन बसलो. एक मुलगी ओळखपत्राची झेरॉक्स काढायला आली, मी तिला पाठची बाजू दोनदा काढून दिली आणि पुढची काढलीच नाही. प्लायवुडच्या पलीकडून ते संगीत येतच होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात ती तिकिटाची फाईल होती, वहिनींच्या नावाची. मी तिच्यावर दुसरी खिडकी उघडून ठेवली.

दहा-दहा मिनिटांनी कॉल कटत होता. अडीचला संगीत थांबलं आणि शटर ओढल्याचा आवाज आला. मी बाहेर गेलो. व्होल्ट्या कुलूप लावत होता. किल्ली भोकात जाईना. खिशात ते चार करडे सेल होते, त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावलेली.

"कुठे निघालास?"

"विमानतळावर. तिथे माणसं असतील. त्यांना हे दाखवतो आणि सांगतो."

"अरे, तासभर लागेल बसला!"

"मग काय करू?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, रागावला नाही. खरोखरच विचारत होता. "तूच सांग, मी काय करू?"

त्याचे डोळे लाल झाले होते आणि ओठ पांढरे पडले होते. चाळीस मिनिटं हा माणूस एकट्यानं जळत होता आणि मी भिंतीच्या अलीकडे झेरॉक्स काढत होतो. माझी मलाच शिसारी आली. मी त्याचा दंड धरून त्याला माझ्या दुकानात नेलं, स्क्रीनवर फाईलपुढे लावलेली खिडकी बंद केली, फाईल उघडली. सहा अक्षरं. सीट तेवीस ई.

त्यानं स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग नंबर लावला.

क्रमांक दाबल्यावर दोन मिनिटांत माणूस लागला, म्हणजे एक तरुण मुलगी. व्होल्ट्यानं एका दमात सांगितलं की माझी बायको तुमच्या विमानात आहे, तिच्याकडची पॉवर बँक मी घरी बनवलीय, आत खराब सेल गेलेत, वरचं लेबल खोटं आहे.

"सर, ही मस्करी असेल तर फार गंभीर गुन्हा आहे, तुम्हाला कल्पना आहे ना?"

"मस्करी नाही हो बाई. तेवीस ई. तिला काही माहीत नाही, तिला काही बोलू नका. सगळं मी केलंय."

"लेबल कुणी छापलं सर?"

फोन स्पीकरवर होता. "तेही मीच," व्होल्ट्या म्हणाला.

मी पुढे होऊन फोनमध्ये बोललो, "मी छापलं. माझं झेरॉक्सचं दुकान आहे." का बोललो माहीत नाही. कदाचित आणखी एक खोटं पोटात मावलं नसतं. तिनं दोघांची नावं, पत्ते घेतले. मग एक पुरुष बोलला, त्यानं डबी कशी दिसते, किती सेल, फोन लावलेला असेल का, असे सहा-सात प्रश्न विचारले आणि म्हणाला, वैमानिकाला निरोप जाईल, तुम्ही फोन मोकळा ठेवा.

त्यानंतर कुणाचाच फोन आला नाही. तीन वाजले, साडेतीन, चार. विमान सहाला उतरणार होतं. मी कॉम्प्युटरवर विमानांचा नकाशा लावला. एक पिवळं चिन्ह निळ्या पाण्यावरून सरकत होतं. ते चिन्ह मधूनच थांबायचं, इंटरनेट अडायचं म्हणून, आणि आमचे श्वास अडकायचे. व्होल्ट्या माझ्या शेजारी स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून. पाणी दिलं, प्यायला नाही. एकदा म्हणाला, "परवा डबी बंद करत होतो तेव्हा म्हणाली, इतकी नटवलीत कशाला? मी म्हटलं, निळा तुझा आवडता रंग." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ठेवला असेन.

पाच वाजता चिन्ह गायब झालं. चांगलं चार मिनिटं. व्होल्ट्या उठून उभा राहिला आणि भिंतीला धरून राहिला. मी पान पुन्हा पुन्हा लोड करत होतो. आता वर्तमानपत्र, दुकान, पोलीस यातलं काहीही डोक्यात नव्हतं. फक्त वहिनींचा तो स्टिकरवरून फिरणारा अंगठा दिसत होता. मग चिन्ह परत आलं, थोडं पुढे सरकून. आम्ही एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.

सहाला पाच मिनिटं असताना ते उतरलं. पण उतरलं म्हणजे आत काय झालं होतं ते कुणाला ठाऊक? सहा चाळीसला व्होल्ट्याचा फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर. त्यानं उचलला आणि स्पीकर लावला, कारण त्याला कानाशी धरवत नव्हतं.

"अहो, मी बोलतेय."

व्होल्ट्या मटकन खाली बसला. फोन माझ्या हातात आला. त्याच्या तोंडून नुसता आवाज येत होता, शब्द नव्हते.

"वहिनी, मी भावजी. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. इथल्या ऑफिसरच्या फोनवरून बोलतेय. सगळं लिहून घेतलं त्यांनी माझ्याकडून. पुढच्या विमानात बसवतो म्हणाले, वेळ आहे त्याला अजून. यांना सांगा, तिथे उद्या कुणीतरी चौकशीला येईल. खरं तेच सांगा म्हणावं. यांना काय झालंय? रडतायत का?"

"त्या पॉवर बँकेचं काय झालं?"

"घेऊन गेले. जाड हातमोजे घालून आले, पाण्यात बुडवली, कसल्याशा पिशवीत घातली. तोवर माझ्याच हातात होती."

"हातात? तापली नव्हती का?"

"तापली होती की. जेवण झाल्यावर फोन लावला, यांनी सांगितलं होतं तसा. थोड्या वेळानं मांडीला चटका बसायला लागला. वायर काढली, तरी थांबेना. मग रुमाल ओला केला, त्यात गुंडाळून धरून बसले. पेल्यातलं पाणी थोडं थोडं टाकत होते वरून. खाली ठेवायची भीती वाटत होती, शेजारी एक बाळंतीण होती पोराला घेऊन. तिचा पाय लागला असता."

"अहो वहिनी, मग कुणाला हाक का नाही मारलीत? एवढी माणसं असतात विमानात!"

"काय सांगू हाक मारून?" त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "कुठली कंपनी म्हणून विचारलं असतं तर? मला काय कळलं नव्हतं होय, तुम्ही दोघांनी काय चिकटवलंय ते? यांना धरून नेलं असतं. म्हटलं, उतरेपर्यंत कशीतरी धरून ठेवावी. मग ती मुलगी आली, विमानातली. माझ्यापुढे वाकून म्हणाली, तुमच्याकडची बॅटरी द्या. मी म्हटलं, माझ्याकडे काही नाही. तेव्हा ती म्हणाली, तुमच्या घरून निरोप आलाय, तुमच्या मिस्टरांनी स्वतः कळवलंय. यांनीच सांगितलंय म्हटल्यावर मग दिली. नाहीतर कशाला देतेय?"

व्होल्ट्यानं जमिनीवरूनच विचारलं, "हात भाजला का गं?"

"भाजलाय. फोड आलेत. मलम लावलंय त्यांनी."

"कुठला? उजवा?"

"दोन्ही. एक सोसवेना झाला की दुसऱ्यात घेत होते."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "कधीपासून, वहिनी?"

"माझं घड्याळ अजून आपल्याच वेळेवर आहे. जेवणाचे ट्रे उचलत होते, तेव्हा बघितलं, पावणेदोन झाले होते. आणि ती मुलगी आली तीनला."

मग त्यांना कुणीतरी हाक मारली, त्या ठेवते म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

सव्वा तास. त्यातली दोनला दहा कमी ते अडीच ही चाळीस मिनिटं मी फाईल उडवली म्हणून सांगून गप्प बसलो होतो. व्होल्ट्याला घड्याळ दिसत होतं, त्याला आकडेमोड चांगली येते. तो उठला, तोंड धुतलं, माझ्याकडून पाण्याचा पेला घेतला आणि प्यायला. त्या चाळीस मिनिटांबद्दल त्यानं मला त्या दिवशी काही विचारलं नाही, आणि आजपर्यंत विचारलेलं नाही.